मुलाच्या शाळेत उत्क्रांतीवरून वाद उभा राहिला, तर अमेरिकेतल्या मराठी पालकांनी काय करावे

नववी-दहावीतले मूल शाळेतून एक कागद घेऊन येते. जीवशास्त्राच्या वर्गात पुढच्या आठवड्यात उत्क्रांतीचे प्रकरण सुरू होणार आहे, आपल्याला त्याबाबत आक्षेप असल्यास खाली सही करावी, असे त्यावर छापलेले असते. कधी कागद येत नाही, पण शेजाऱ्यांकडून कळते की स्कूल बोर्डाच्या, म्हणजे गावच्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, येत्या सभेत डार्विनच्या सिद्धांताबरोबर ‘पर्यायी मते’ही शिकवावीत असा ठराव येणार आहे. महाराष्ट्रातून येऊन इथे स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या पालकांना अशा वेळी बहुधा वाटते की हा इथल्या ख्रिस्ती मंडळींचा आपसातला प्रश्न आहे आणि आपण त्यात पडू नये. मी १७ वर्षांपासून पेनसिल्व्हेनियात राहते, माझ्या दोन्ही मुली इथल्या पब्लिक स्कूलमध्ये शिकल्या, आणि हे अंग चोरून घेणे मला चुकीचे वाटते. करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या शाळेतला विज्ञानाचा तास सगळ्यांच्या मुलांचा असतो. त्या तासात एका धर्माची शिकवण विज्ञानाच्या नावाने आली की इतर धर्मांची मुले आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या घरांतली मुले आपल्याच वर्गात परकी होतात. हा वाद पेटवण्यासाठी काय करावे, हे मी इथे सांगत नाही. तो शांतपणे, कागदपत्रांच्या आधारे आणि शेजाऱ्यांशी संबंध न तोडता कसा हाताळावा, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी नेमके काय घडले ते शोधा

घाई करू नका. ‘शाळेत बायबल शिकवतात’ असे मूल घरी येऊन सांगते, तेव्हा त्यामागे अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि प्रत्येकीला वेगळे उत्तर लागते. वर्गातल्या एखाद्या मुलीने आपल्या निबंधात ‘देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली असे आमचे कुटुंब मानते’ असे लिहिले असेल, तर तो तिचा हक्क आहे. तिच्या लेखनाला गुण देताना नेहमीचेच शैक्षणिक निकष लावले जातील, पण श्रद्धा व्यक्त केल्याबद्दल तिला कोणी गप्प करणार नाही. इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या तासाला जगातल्या निरनिराळ्या धर्मांच्या सृष्टिकथा अभ्यासल्या जात असतील, तर तेही योग्यच आहे. आमच्याच राज्यातल्या ॲबिंग्टन गावातून निघालेल्या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेतले सक्तीचे बायबलवाचन रद्द केले, पण धर्मांचा तटस्थपणे अभ्यास करायला हरकत नाही, असेही त्याच निकालात स्पष्ट केले.

प्रश्न निर्माण होतो तो पुढच्या दोन ठिकाणी. एक म्हणजे शिक्षक स्वतःहून विज्ञानाच्या तासाला धार्मिक मत विज्ञान म्हणून मांडतात. दुसरे म्हणजे स्कूल बोर्ड किंवा राज्याचे विधिमंडळ अभ्यासक्रमातच बदल करते. पहिली गोष्ट पुष्कळदा मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटते. दुसरीसाठी तयारी लागते.

म्हणून मुलाकडून ऐकलेले वाक्य तसेच्या तसे, तारखेसह, एका वहीत लिहून ठेवा. वर्गात वाटलेला कागद असेल तर त्याचा फोटो काढा. मग शिक्षकांना एक साधी, सौम्य ईमेल लिहा. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेला मजकूर असा होता: ‘माझी मुलगी आपल्या जीवशास्त्राच्या वर्गात आहे. या सत्रात उत्क्रांतीचा कोणता भाग, कोणत्या पुस्तकातून आणि साधारण कधी शिकवला जाणार आहे, हे कळवाल का? पाठ्यपुस्तकाखेरीज पूरक साहित्य वापरणार असल्यास त्याची प्रत पाहता येईल का?’ त्यात आरोप नाही आणि मतही नाही. ज्यांना नीट शिकवायचे आहे त्या शिक्षकांना या पत्राने आधार मिळतो, कारण त्यांच्यावर उलट बाजूने दबाव आणणारी पत्रे पुष्कळ येत असतात. मुलीच्या शिक्षिकेने मला उत्तरात धडेवार नियोजन पाठवले आणि शेवटी लिहिले की या भागाविषयी आक्षेप न घेता पालकांकडून आलेली त्या वर्षातली ही पहिलीच ईमेल होती.

कायदा किती माहीत असावा

वकील होण्याची गरज नाही, पण पाच खटले लक्षात ठेवले तर सभेत कोणी काय बोलत आहे ते कळते. १९२५ साली टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर, माणूस खालच्या प्राण्यांपासून उद्भवला असे शिकवल्याबद्दल खटला भरला गेला आणि त्याला १०० डॉलर दंड झाला. दंडाची शिक्षा पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली, पण तो कायदा १९६७पर्यंत टिकला. १९६८ साली आर्कान्सातल्या जीवशास्त्राच्या शिक्षिका सुझन एपरसन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांती शिकवण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. बंदी घालता येईना, तेव्हा ‘समतोल’ हा शब्द पुढे आला. उत्क्रांती शिकवायची असेल तर तेवढाच वेळ ‘सृष्टिनिर्मितीचे विज्ञान’ही शिकवा, असे कायदे झाले. आर्कान्साचा असा कायदा १९८२ साली जिल्हास्तरीय संघराज्य न्यायालयाने रद्द केला आणि लुइझियानाचा १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. त्यानंतर ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे नाव पुढे आले. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्यामागे कोणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे आणि त्यात देवाचे नाव मुद्दाम घेतले जात नाही. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात तोही विज्ञानाच्या तासातून बाहेर ठेवला गेला.

या सगळ्याचा आधार राज्यघटनेची पहिली दुरुस्ती हा आहे. सरकारने कोणत्याही धर्माची स्थापना करू नये आणि कोणाच्या धर्माचरणात आडकाठी आणू नये, अशा तिच्या दोन्ही बाजू आहेत. खासगी शाळांना हे बंधन नाही, पण चार्टर स्कूलला, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळेला, ती सार्वजनिक शाळा मानली जात असल्याने आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: डोव्हरचा निकाल जिल्हास्तरीय न्यायालयाचा आहे आणि त्यावर अपील झाले नाही, त्यामुळे टेक्सास किंवा ओहायोतल्या न्यायालयावर तो बंधनकारक नाही. त्याचे वजन त्याच्या १३९ पानांतल्या युक्तिवादामुळे आहे.

अलीकडे वाद वेगळ्या वाटेने येतो. लुइझियानाने २००८ साली आणि टेनेसीने २०१२ साली असे कायदे केले की शिक्षकांना उत्क्रांतीसारख्या विषयांची ‘चिकित्सा’ करायला मोकळीक असावी. लुइझियानाच्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर बॉबी जिंदाल भारतीय वंशाचे होते आणि ब्राउन विद्यापीठात जीवशास्त्र शिकलेले होते. आडनाव भारतीय आहे म्हणून उमेदवार आपल्यासारखाच विचार करत असेल, असे धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने मेरिलंडमधल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती पालकांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला की काही कथापुस्तकांच्या वाचनातून मुलांना बाहेर ठेवण्याची मुभा त्यांना मिळावी. उत्क्रांतीच्या वादात त्या निकालाचा उल्लेख होतो, तेव्हा एवढे विचारावे: प्रश्न एका मुलाला तासातून वगळण्याचा आहे, की सगळ्या वर्गाचा अभ्यासक्रम बदलण्याचा? या दोन मागण्या एक नाहीत. शेजाऱ्याने आपल्या मुलापुरती सवलत मागितली तर मी तिला विरोध करणार नाही, जरी त्या मुलाचे नुकसान होते असे मला वाटत असले तरी.

डोव्हरचे विधान ओळीओळीने वाचायला शिका

सभेत येणारा ठराव कधीच ‘आम्हाला धर्म शिकवायचा आहे’ असे म्हणत नाही. म्हणून अशा ठरावाची भाषा ओळखण्याचा सराव करावा लागतो, आणि त्यासाठी डोव्हरइतके चांगले उदाहरण नाही. मी राहते तिथून ते गाव गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. यॉर्क परगण्यातल्या या गावाच्या नऊ जणांच्या स्कूल बोर्डाने ऑक्टोबर २००४मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला आणि नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक छोटे विधान वाचून दाखवावे असे ठरले. ते वाचायला जेमतेम एक मिनिट लागते.

त्याचा आशय असा. राज्याच्या अभ्यासक्रमानुसार विद्यार्थ्यांना डार्विनचा सिद्धांत शिकावा लागतो आणि पुढे त्यावर परीक्षा द्यावी लागते. हा एक सिद्धांत आहे, म्हणून नवे पुरावे मिळतील तसा तो तपासला जात असतो. सिद्धांत म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. त्यात अशा फटी आहेत की ज्यांच्यासाठी पुरावा नाही. इंटेलिजंट डिझाइन हे जीवसृष्टीच्या उगमाचे वेगळे स्पष्टीकरण आहे आणि ते समजून घ्यायचे असल्यास ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक उपलब्ध आहे. विद्यार्थ्यांनी मन खुले ठेवावे, आणि उगमाविषयीची चर्चा शाळा विद्यार्थ्यांवर व त्यांच्या घरांवर सोपवते.

प्रत्येक ओळ सरळ आणि निरुपद्रवी वाटते. आता पुन्हा वाचा. ‘शिकावा लागतो’ या शब्दांत शाळा स्वतःच आपल्या विषयापासून अंग काढून घेते. बीजगणिताच्या पुस्तकाविषयी कोणी असे म्हणत नाही. रोगजंतूंचा सिद्धांत, अणुसिद्धांत, गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत हे सगळे त्याच शाळेत शिकवले जातात, पण सावधगिरीचा इशारा फक्त एकालाच दिला जातो. फटींचा उल्लेख आहे, पण एकाही फटीचे नाव नाही. मन खुले ठेवण्याचा सल्ला आहे, पण हे विधान वाचून झाल्यावर मुलांच्या प्रश्नांना वर्गात उत्तरे मिळणार नव्हती. ज्या तासाला प्रश्न विचारायची सोय नाही तो विज्ञानाचा तास राहत नाही, आणि तुमच्या गावच्या ठरावात अशी अट दिसली तर बोलताना सर्वांत आधी तिच्यावर बोट ठेवा.

डोव्हरच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी ते विधान वाचायला नकार दिला. विषयाचे चुकीचे चित्र जाणूनबुजून उभे करणार नाही, असे राज्याच्या शिक्षकांसाठीच्या आचारसंहितेचा आधार घेऊन त्यांनी लेखी कळवले. शेवटी जानेवारी २००५मध्ये प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी वर्गांत जाऊन ते वाचले. तोवर टॅमी किट्झमिलर यांच्यासह ११ पालक न्यायालयात गेले होते. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केली होती आणि ते रिपब्लिकन पक्षाचे होते. अशा खटल्याचा निकाल पक्षावरून आधीच सांगता येत नाही, म्हणून हे आवर्जून नमूद करते. सुनावणीत लुइझियानातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी त्या पुस्तकाचे जुने खर्डे मांडले. १९८७च्या निकालापूर्वीच्या खर्ड्यांत जिथे ‘सृष्टिनिर्मितिवादी’ असा शब्द होता, तिथे निकालानंतर ‘डिझाइनचे पुरस्कर्ते’ असा शब्द घातलेला होता, आणि एका ठिकाणी ही अदलाबदल अर्धवट राहिल्याने जुन्या शब्दाचे पहिले अक्षर आणि शेपूट नव्या शब्दाला चिकटून छापले गेले होते. नाव बदलले पण मजकूर तोच राहिला, हे दाखवायला यापेक्षा स्पष्ट कागद मिळणे कठीण. २० डिसेंबर २००५ रोजी निकाल पालकांच्या बाजूने लागला.

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी की न्यायालयात उपयोगी पडले ते जुने कागद: सभांतल्या बोलण्याचे वार्ताहरांनी केलेले वृत्तांकन, स्थानिक वर्तमानपत्रांना आलेली पत्रे, पुस्तकाचे खर्डे. म्हणून सभेची कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त, ठरावाचे मसुदे हे सगळे उतरवून घेऊन जपून ठेवा. जे संकेतस्थळावर नसेल ते राज्याच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली लेखी अर्ज करून मागता येते. वॉशिंग्टनच्या संघराज्य कायद्याखाली केलेला अर्ज शाळेला लागू होत नाही, ही चूक पुष्कळ जण करतात.

‘थिअरी’ या शब्दाशी मराठीतून झुंजा

या वादातले अर्धे गैरसमज एका इंग्रजी शब्दात आहेत, आणि इथे आपल्या भाषेचा खरोखर उपयोग होतो. इंग्रजी बोलण्यात ‘थिअरी’ म्हणजे अंदाज, मनातला तर्क. शास्त्रज्ञ तोच शब्द अनेक अंगांनी तपासून टिकलेल्या स्पष्टीकरणासाठी वापरतात. मराठीत हे दोन अर्थ एका शब्दात कोंबलेले नाहीत. आपल्याकडे अंदाज वेगळा, तर्क वेगळा, गृहीतक वेगळे आणि सिद्धांत वेगळा. सिद्धांत म्हणजे सिद्ध होऊन ठरलेला निष्कर्ष, हे शब्दातच आहे. घरी मुलांशी मराठीत बोलत असाल तर हा फरक पाच मिनिटांत समजावता येतो आणि मग ‘ही तर नुसती थिअरी आहे’ हे वाक्य बसमध्ये कोणी ऐकवले तर मूल गोंधळत नाही.

आपलाच एक शब्द मात्र दिशाभूल करतो. ‘उत्क्रांती’ म्हणताना वर चढत जाणे असा भास होतो, जणू जिवाणूपासून माणसापर्यंत एक शिडी आहे आणि आपण शेवटच्या पायरीवर उभे आहोत. जीवशास्त्र तसे म्हणत नाही. झाडाला फांद्या फुटतात तसे हे आहे, आणि आजचे माकड ही आपली शेजारची फांदी आहे. ‘माकडापासून माणूस झाला तर आजची माकडे माणसे का होत नाहीत’ हा प्रश्न याच शिडीच्या चित्रातून निघतो. माणूस आणि आजची माकडे यांचे पूर्वज एक होते, असे सांगितले की तो प्रश्न उरत नाही.

मुलाला एक तरी पुरावा जवळून दाखवा, कारण पाठ केलेली व्याख्या वादात टिकत नाही. मला गुणसूत्रांचे उदाहरण सर्वांत आवडते. डोव्हरच्या न्यायालयातही ब्राउन विद्यापीठाचे प्राध्यापक केनेथ मिलर यांनी ते मांडले होते. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, तर चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी नष्ट झाली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रे कधी तरी एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत, आणि तसे असेल तर त्याची खूण सापडली पाहिजे. गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना, बुटाच्या नाडीच्या टोकाला टोपण असते तसा, एक ठरावीक क्रम असतो. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात हा टोकाचा क्रम मध्यभागी सापडतो, आणि मध्यबिंदूची एक जास्तीची, निकामी झालेली खूणही सापडते. सिद्धांताने आधी सांगितले काय सापडायला हवे, आणि ते सापडले. इंटेलिजंट डिझाइनला असे काही आधी सांगता येत नाही, कारण रचनाकाराला वाटेल ते करता येते, आणि मग कोणताही पुरावा त्याच्या विरोधात जाऊ शकत नाही.

आपल्या दशावताराचे काय

आपल्या मंडळांत हा विषय निघाला की कोणी तरी हमखास म्हणते, आमच्याकडे हा वादच नाही, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, ही उत्क्रांतीच तर आहे. हे ऐकायला सुखद वाटते आणि मीही लहानपणी शाळेत ऐकले आहे. पण स्कूल बोर्डासमोर हे बोलू नका. एक तर दशावतार ही भगवंताच्या अवतरणाची कथा आहे, जीवजातींच्या वंशावळीची नव्हे, आणि तिला जीवशास्त्राचा पुरावा म्हणून उभे केल्याने तिचा स्वतःचा अर्थ हरवतो. दुसरे म्हणजे समोरची मंडळी जे बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाबाबत करत आहेत, तेच आपण आपल्या पुराणाबाबत करू लागतो, आणि मग त्यांना नको म्हणायचा आधार आपल्याकडे उरत नाही.

हा प्रश्न फक्त ख्रिस्ती समाजाचा आहे, हेही खरे नाही. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत जाहीरपणे सांगितले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून काढावा. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे लिहिलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यावर एकत्रित निवेदन काढले. पुढे २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा १८००हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी खुले पत्र लिहिले. तिकडच्या भाच्या-पुतण्यांशी फोनवर बोलताना हेही विचारा की त्यांच्या पुस्तकात आता काय आहे.

सभेत बोलताना

स्कूल बोर्डाच्या सभा कायद्याने खुल्या असतात आणि कार्यक्रमपत्रिका आधी जाहीर होते. लोकांना बोलायची वेळ बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन मिनिटांची असते आणि नाव आधी नोंदवावे लागते. एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना ही शंका नेहमी येते की आपण बोलावे का. अभिव्यक्तीचे घटनात्मक संरक्षण फक्त नागरिकांपुरते नाही, आणि बोर्ड तुमचा व्हिसा विचारत नाही. मात्र नाव आणि पत्ता विचारतात आणि सभेचे चित्रीकरण बहुधा इंटरनेटवर जाते, हे जाणून घेऊन मग निर्णय घ्या. ज्यांना व्यासपीठावर जायचे नसेल त्यांनी लेखी निवेदन द्यावे. तेही दप्तरी राहते.

आमच्या गावच्या सभेत मी पहिल्यांदा बोलले तेव्हा चार पाने लिहून नेली होती. समोर घड्याळ, त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल दिवा. स्कोप्स खटल्यापासून सुरुवात केली आणि मुख्य मुद्दा येण्याआधीच लाल दिवा लागला. त्यानंतर मी नेहमी आधी मागणी सांगते, मग कारण, आणि वेळ उरला तर इतिहास. तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द शांतपणे बोलता येतात. मी या गावची रहिवासी आणि पालक आहे. जीवशास्त्राचा अभ्यासक्रम राज्याच्या मानकांप्रमाणेच ठेवावा अशी माझी विनंती आहे. या ठरावातले अमुक वाक्य काढावे. एवढे पहिल्या मिनिटात झाले पाहिजे. कोणाच्या श्रद्धेची खिल्ली उडवू नका, टाळ्या वाजल्या तरी नाही. बोर्डाचे सदस्य तुमचे शेजारी असतात आणि किराणा दुकानात उद्या भेटणार असतात.

त्या सभेत माझ्यानंतर उठलेल्या एका वयस्कर बाईंनी सांगितले की त्या चाळीस वर्षे ल्युथरन चर्चमध्ये रविवारच्या शाळेत शिकवतात, आणि देवाविषयी मुलांना शिकवणे हे काम त्यांना जीवशास्त्राच्या शिक्षकांवर सोपवायचे नाही. सभागृहात तेवढी शांतता माझ्या बोलण्याने पसरली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की पहिला सोबती श्रद्धावान शेजाऱ्यांत शोधा. हे नवे नाही: १९८२च्या आर्कान्सा खटल्यात कायद्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक पंथांचे बिशप होते. मिलर स्वतः कॅथलिक आहेत. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प चालवणारे फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि उत्क्रांती मानतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली म्हटले होते की उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ गृहीतक राहिलेला नाही. देव मानायचा की उत्क्रांती, अशी निवड करा असे कोणी तुम्हाला सांगत असेल, तर कोट्यवधी ख्रिस्ती माणसे ती निवड करत नाहीत, हे नम्रपणे निदर्शनास आणून द्या.

न्यायालय आणि मतपेटी

सगळे उपाय थकले तर पालकांना न्यायालयाचा मार्ग असतो, आणि अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनसारख्या संस्था अशी प्रकरणे विनामूल्य लढवतात. पण त्यात कुटुंबाची नावे जाहीर होतात, वर्षभर गाव दुभंगलेले राहते आणि वर्गात रोज बसावे लागते ते मुलाला. त्याला आधी विचारा. पैशांचा भारही गावावरच पडतो: डोव्हरच्या स्कूल डिस्ट्रिक्टला विरुद्ध बाजूच्या वकिलांच्या खर्चापोटी १० लाख डॉलरहून थोडी अधिक रक्कम द्यावी लागली. सभेत ही रक्कम सांगा. ज्यांना डार्विनशी काही देणेघेणे नाही तेही मालमत्ता कर भरतात.

डोव्हरमध्ये मतदारांनी निकालाचीही वाट पाहिली नाही. सुनावणी संपल्यावर चारच दिवसांनी, ८ नोव्हेंबर २००५ला बोर्डाच्या नऊपैकी आठ जागांसाठी मतदान झाले आणि धोरणाच्या बाजूचे आठही सदस्य हरले. आमच्या राज्यात या निवडणुका विषम वर्षी होतात, राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीची गर्दी त्या वेळी नसते, आणि थोडक्या मतांनी निकाल फिरतो. नागरिकत्व घेतलेले आपल्यातले पुष्कळ जण नोंदणी करतात आणि या मतपत्रिकेपर्यंत पोहोचतच नाहीत. उमेदवारांची नावे लागतील तेव्हा प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी विचारा: जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात आपण काही बदल करू इच्छिता का, आणि कोणता? आलेले उत्तर त्याच वहीत चिकटवून ठेवा.